वरच्या सरांच्या चाळीस शाबासक्या

आमचे वरचे सर हे अख्ख्या मराठवाड्यातले असे एकमेव मास्तर असावेत, ज्यांनी उभ्या नोकरीत एकाही पोराला 'असं करू नको' म्हणून सांगितलं नाही. अख्ख्या मराठवाड्याची मोजणी मी केलेली नाही, हे आधीच कबूल करतो. आकड्याच्या बाबतीत माणसानं तोलून बोलावं. पण माझ्या घराच्या वरच्या खोलीत ते सहा वर्षं आणि दोन महिने भाड्यानं राहिले, आणि तेवढ्या मुदतीपुरतं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पळणाऱ्या पोराला ते 'पळू नको' म्हणत नसत, 'चालत जा' म्हणत. ओरडणाऱ्याला 'ओरडू नको' नाही. 'हळू बोल, मला ऐकायला येतंय' म्हणत. एकदा शेजारच्यांची शेळी गच्चीवर चढून आमच्या हिनं वाळत घातलेल्या कुरडया खात होती. आम्ही दोघं खालून 'हाकला, हाकला' म्हणून बोंबलत होतो, आणि सर शेळीसमोर उभे राहून तिला सांगत होते, "खाली उतर बरं. व्हय, अशी. एक पाय म्होरं. शाब्बास!" शेळी उतरली हे खरं, पण कुरडया संपल्यावर उतरली, हेही खरं.

ती वर्षं लागोपाठच्या दुष्काळाची होती. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. बीड बायपासच्या पलीकडे, जिथं दोन वर्षांपूर्वी बाजरी उभी असायची तिथं प्लॉट पडत होते, आणि त्यातल्या एका प्लॉटवर मी घर बांधलं होतं. घर झालं, वीज आली, समोर खडीचा रस्ताही झाला. पाणी तेवढं आलं नाही. अख्खी वसाहत टँकरवर. मी एका सरकारी कचेरीत तक्ते भरायचं काम करतो, आणि त्या वर्षांत ते तक्ते टँकरच्या खेपांचे असत. म्हणजे दिवसभर जिल्ह्याचे टँकर मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या टँकरची वाट बघायची. सर देवगाव रंगारीकडचे. घराणं मेंढपाळांचं, वडिलांपर्यंत मेंढरं होती, भावांनी शेती धरली, हे शिकून मास्तर झाले. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बायको वारली, मूलबाळ नाही. हे त्यांनी मला एकाच वाक्यात सांगितलं होतं आणि पुढच्या वाक्यात आमच्या खिडकीच्या गजांना लावलेल्या रंगाचं कौतुक केलं होतं.

शाबासकीचं हे वेड त्यांना एका शिबिरात लागलं. खात्यानं मास्तर लोकांना आठवडाभर बोलावलं होतं. मारून आणि रागावून पोरं सुधारत नाहीत; नीट वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते आधी शिकवावं, आणि पोर तसं वागताना सापडलं की तिथल्या तिथं, कारणासकट शाबासकी द्यावी, असं काहीसं तिथं सांगितलं गेलं. बाकीचे मास्तर जेवले, सह्या केल्या आणि परत आले. सर मात्र अंगात वारं शिरल्यासारखे आले. मला म्हणाले, "मालक, हे तर माझ्या बापाला ठाऊक व्हतं. मेंढराला दगड हाणला का ते पांगतं. हाळी देऊन म्होरं चाललं का आख्खा कळप मागं येतो. बापाला शिबिरात कुणी बोलावलं नाय, एवढाच फरक." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात चाळीस चिंचोके आले. एक शाबासकी दिली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. शाळा सुटेपर्यंत डावा खिसा रिकामा झालाच पाहिजे. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? "चूक आपोआप दिसती, मालक. चांगलं दिसायला डोळ्याला सवय लावावी लागती." शाबासकीसुद्धा नुसती 'छान, छान' अशी वाऱ्यावर सोडलेली नसे. 'तू दप्तर भिंतीकडं सरकवलं, म्हणून मागच्याला वाट मिळाली', असा तिला पुरावा जोडलेला असे. मला हे आवडलं. पुराव्याशिवाय कुणी काही बोललं की माझं डोकं दुखतं.

अडचण एवढीच, की एखाद्या दिवशी चिंचोके उरत. मग संध्याकाळी वरून चपला वाजल्या की ही स्वयंपाकघरातून हळूच विचारायची, "अहो, आज किती राहिलेत हो?" तोवर सर दारात. "वहिनी, पायपुसणं झटकून घातलं तुम्ही. आत पाऊल टाकतानाच बरं वाटलं." एक. "मालक, पेपर घडी करून ठेवला, दुसऱ्याला वाचता येतो." दोन. मी पेपर लग्नाआधीपासून घडी करून ठेवतो. माझ्या घरात ते कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी कडा जुळवून घडी घालू लागलो. जेवायला बसवलं तर आणखी पंचाईत. भाजी खारट झाली तर सर म्हणत, "वहिनी, पोळ्या लई मऊ झाल्यात." पोळ्या करपल्या तर वरणाची तारीफ. आम्ही हळूहळू शिकलो, की सर ज्या पदार्थाबद्दल गप्प बसले तो बिघडलाय. एकदा त्यांनी फक्त पाण्याच्या थंडपणाचं कौतुक केलं, तेव्हा हिनं ताटं उचलली आणि रडकुंडीला येऊन नव्यानं पिठलं टाकलं.

रविवार त्यांना जड जाई. शाळा नाही, पोरं नाहीत, आणि डावा खिसा सकाळी भरलेला तो भरलेलाच. मग ते सिटी बस पकडून शहागंजला जात आणि बाजारातून चालत सुटत. मी एकदा सोबत गेलो होतो. विकत काही घ्यायचं नाही. नुसतं बघायचं आणि बोलायचं. एका फळवाल्यासमोर थांबून म्हणाले, "डाळिंबं काय रचलीत मियाँ! डागाचं एक बी मागं दडवलं नाय, सगळं समोर." फळवाल्यानं वर बघितलं. "क्या चचा, लेते कुछ, या खाली तारीफच करते?" "आज खाली तारीफच." तो हसला आणि स्टूल पुढं सरकवून म्हणाला, "तो बैठो ना फिर. सुबह से सब खाली भावच कम करते." सर बसले, मला उभं राहावं लागलं. परत येताना बसमध्ये त्यांनी दोन्ही खिसे चाचपले. एकतीस झाले होते. उरलेल्या नवांचं काय, असं मी सहज विचारलं. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "असू दे. रविवार लई लांब असतो, मालक." मी हातातल्या तिकिटांवरचे आकडे वाचत बसलो. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला सुचत नाही, आणि उगाच काहीतरी बोलणं मला जमत नाही.

चुका त्यांना दिसत नसत असं नाही. वसाहतीतल्या तीन घरांत आम्ही एक टँकर वाटून घ्यायचो आणि त्याचा हिशेब, म्हणजे कुणाच्या हौदात किती इंच पाणी पडलं, तो माझ्याकडे असे. एकदा मी बेरजेत चुकलो. सर तिथंच उभे होते, त्यांनी कागद बघितला होता, आणि शेजारी दोघं हजर होते. सर काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी पिठाच्या गिरणीत मी एकटा डबा घेऊन उभा होतो, तिथं येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "मालक, मंगळवारची ती बेरीज परत एकदा बघता का?" शाळेतही तसंच. पोराला काही सांगायचं असलं तर ते त्याला बाजूला नेत, स्वतः दगडावर बसत, म्हणजे पोराचं डोकं वर आणि मास्तरांचं खाली, आणि मग सांगत. एरवी सगळा कारभार जाहीर. टँकरच्या ड्रायव्हरला त्यांनी एकदा अख्ख्या गल्लीसमोर सांगितलं, "पाइप खाली घासू दिला नाय तुम्ही, खांद्यावर घेतला. स्वच्छ पाणी पितो आम्ही तुमच्यामुळं." तो धिप्पाड गडी इतका हळवा झाला, की त्यानं आमच्या हौदात चार इंच पाणी जास्त सोडलं आणि पुढच्या गल्लीत त्यावरून मारामारी झाली.

शाळा आमच्या वसाहतीच्या टोकाला होती. एका खासगी संस्थेची. त्याच संस्थेची दुसरी शाळा लासूर स्टेशनला. सरांकडे आठवी ब. पटावर बासष्ट पोरं. बहुतेक दुष्काळात गाव सोडून आलेल्यांची, वीटभट्टीवरची, बांधकामावरची. आठवी ब म्हणजे शाळेची दुखरी दाढ असं सगळे समजत, आणि ती उपटून टाकायचं काम आपलं आहे असं पीटीचे सर समजत. त्यांच्याकडे वेताची छडी होती, तिला ते तेल लावत. ते सरांना म्हणायचे, "मास्तर, पोरं पेढ्यानं सुधारत नसतात." सर म्हणायचे, "तुमचा आवाज लई खणखणीत आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो." पीटीच्या सरांना याचं काय करावं ते कळत नसे.

सरांनी पुस्तक उघडायच्या आधी दोन आठवडे पोरांना वर्गात यायचं कसं, बाहेर पडायचं कसं आणि पाण्याच्या टाकीपाशी जायचं कसं, एवढंच शिकवलं. फळ्यावर लिहून नाही. प्रत्यक्ष चालून, पुन्हा पुन्हा. एक बाई तणतणत शाळेत आली होती. "ओ सर, धा दिस झाले, माझी पोरगी पाणी प्यायचंच शिकतीय! लिव्हायला कवा शिकवणार?" सर म्हणाले, "ताई, मजुरी बुडवून विचारायला आलात, हे फार चांगलं केलं. आणखी चार दिवस द्या." बाईनं चार दिवस दिले, पण जाताना मागं वळून दोनदा बघितलं. पुढं तक्रारी वाढल्या. पीटीच्या सरांनी कान भरले, आणि दिवाळीत संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून मुदत घातली: मार्चपर्यंत आठवी ब मधली भांडणं कमी झालेली आकड्यात दाखवा. नाही दाखवलीत, तर हा प्रकार बंद, वर्ग पीटीच्या सरांकडे, आणि तुम्ही लासूर स्टेशनला.

त्या संध्याकाळी सर खाली आले आणि चिंचोक्यांचा विषय न काढता खुर्चीत बसले. म्हणाले, "मालक, माझा वर्ग जाईल. मला दुसरं काय आहे सांगा?" मी म्हणालो, आकडे मी बघतो. ते माझं काम आहे. दुसऱ्या दिवसापासून सर रोज संध्याकाळी एक चिठ्ठी आणू लागले: भांडण कुठं झालं, किती वाजता, कशावरून. मी ते तक्त्यात भरायचो. नावाचा रकाना मी आखला होता, तो त्यांनी खोडायला लावला. "नाव नाय लिहायचं, मालक. जागा लिहा." हे पीटीच्या सरांच्या कानावर गेलं, तेव्हा ते म्हणाले, "नावच नाही, तर शिक्षा कुणाला करणार?" सर म्हणाले, "जागेला करू."

आणि खरोखर केली. पहिल्या महिन्यात चोवीस दिवस शाळा भरली, अठ्ठेचाळीस भांडणं झाली, आणि त्यांतली तेहतीस पाण्याच्या टाकीपाशी, मोठ्या सुट्टीत. टाकी टँकरची, तीन तोट्यांपैकी एक चालू. सरांनी मोठी सुट्टी दोन पाळ्यांत करून घेतली. तरी भांडणं उरलीच. वर्गात एक मुलगी होती, भांडखोर म्हणून शाळाभर नाव. सरांनी तिला विचारलं, बाई, वस्तीवर टँकर येतो तेव्हा रांग तू धरतेस ना, मग इथं काय चुकतंय ते सांग. ती म्हणाली, "सर, पोरं बाटल्या ठिवत्यात रांगंत आन् खेळाया जात्यात. आमच्यात बी हंड्यांची रांग लावली का भांडण व्हतंच. हंड्याला काय कळतंय मागं कोण हाय ते? मानूस हुबा पायजे." दुसऱ्या दिवसापासून नियम: बाटलीचा नंबर नाही, माणसाचा नंबर. तो तिनंच वर्गाला शिकवला, आणि सरांनी त्या दिवशी बारा चिंचोके एकट्या तिच्यावर खर्च केले. ही हकीगत सांगताना सर आमच्या ओट्यावर उभं राहून रांग करून दाखवत होते. रांगेत ते एकटेच होते.

मार्चमध्ये बैठक झाली. अध्यक्ष, संस्थेचे सभासद, शिक्षक, काही पालक मिळून बावीस माणसं. आकडे त्रयस्थ माणसानं वाचावेत म्हणून सरांनी मला नेलं होतं. मी वाचलं: पहिला महिना, भांडणं अठ्ठेचाळीस. शेवटचा महिना, तेवीस. खोलीत चुळबुळ झाली. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे निम्म्याहून कमी की हो!" पीटीचे सर खाली बघू लागले. सरांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. तिथंच मी बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव नडला. मी म्हणालो, "एक खुलासा करतो. पाणी नाही म्हणून शेवटच्या महिन्यात शाळा दिवसाआड भरली. दिवस बाराच. तेव्हा दिवसामागे धरलं तर तेव्हा दोन भांडणं होती, आता एक पूर्णांक नऊ दशांश. फरक नसल्यातच जमा आहे. कागद खोटा बोलू नये म्हणून सांगितलं." अध्यक्षांनी सरांकडे बघितलं. "मास्तर, यावर काही बोलायचंय?" सर उठले. मला वाटलं, आता माझ्यावर भडकतील. ते म्हणाले, "मालकांनी रोज संध्याकाळी तक्ता भरला. एक दिवस चुकवला नाय." आणि बसले. निकाल पाच मिनिटांत लागला.

त्यानंतर परीक्षेची कामं आटोपून सर जाईपर्यंत एकोणीस दिवस गेले. त्या एकोणीस दिवसांत मी त्यांच्यासमोर गेलो नाही. मी खरं तेच बोललो होतो, हे मी स्वतःला रोज सांगत होतो. आणि रोज सांगावं लागत होतं यातच काय ते आलं. चपला वाजल्या की मी आत जायचो आणि ही दारातून सांगायची, "ते अंघोळीला गेलेत." सर गेले त्या सकाळी मी कचेरीत लवकर गेलो. संध्याकाळी ही म्हणाली, "खोली झाडून-पुसून दिली त्यांनी. माझ्या तुळशीचं कौतुक करून गेले." तुळस त्या उन्हाळ्यात वाळून काडी झाली होती.

पावसानं पुन्हा ओढ दिली. जुलैत एके दिवशी साहेबांनी माझा तक्ता बघून विचारलं, "या गावाला खेपा गेल्या महिन्याइतक्याच आहेत. म्हणजे परिस्थिती तीच ना?" मी सवयीनं म्हणालो, "खेपा त्याच आहेत साहेब, पण पेरणीच्या आशेनं माणसं गावी परतलीत. माणशी पाणी निम्मंच पडतं." हे वाक्य तोंडातून गेलं आणि माझा हात थांबला. वीस वर्षं मी प्रत्येक आकडा माणसांनी भागत आलो. आठवी ब ची भांडणं मी दिवसांनी भागली होती. पोरांनी भागायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेलो आणि कारकुनाकडून हजेरीबुक मागून घेतलं. पहिल्या महिन्यात बासष्टांपैकी सरासरी एकतीस पोरं वर्गात असत. बाकीची दांडी मारत. ती कोणती, हे विचारायला नकोच. छडीला भिणारी, टवाळ, मारामारी करणारी. शेवटच्या महिन्यात सरासरी अठ्ठावन्न. सरांनी ती सगळी परत आणली होती. वर्गात पोरं जवळजवळ दुप्पट, तोटी तीच एक, दुष्काळ वाढलेला, आणि दिवसामागे भांडणं तेवढीच. शंभर हजेऱ्यांमागे आधी साडेसहाच्या जवळपास पडत होती, नंतर तीन आणि थोडी. म्हणजे अध्यक्ष 'निम्म्याहून कमी' म्हणाले, ते जवळपास बरोबरच होतं. बावीस माणसांत चुकीचा आकडा सांगणारा मी एकटा होतो.

शनिवारी मी पॅसेंजरनं लासूर स्टेशनला गेलो. शाळा सकाळची, सर खोलीवर होते. मोंढ्याच्या मागं एका आडत दुकानावरची खोली, कॉट, स्टोव्ह, खिळ्याला सदरा. मला बघून म्हणाले, "मालक! नीट विचारत विचारत आलात, चुकला नाय." मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"व्हय. बरोबर आहे."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हजेरी मीच घेत व्हतो ना."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"बावीस माणसं बसली व्हती, मालक. तेवढ्यांसमोर तुमची चूक काढायची?"

"अहो, तुमचा वर्ग गेला!" माझा आवाज चढला. "मग घरी सांगायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षांकडं गेलो असतो!"

सरांनी कागदाची घडी घातली, कडा जुळवून, आणि माझ्या हातात दिला. "एकटं गाठून सांगणार व्हतो. रोज खाली येत व्हतो. वहिनी म्हणायच्या, अंघोळीला गेलेत." मग जरा हसून म्हणाले, "गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते मला वरून दिसायचं, मालक."

स्टोव्हवर चहा उतू जायला आला होता, तो त्यांनी उतरवला. मी म्हणालो, आजच अध्यक्षांना पत्र लिहितो, हजेरीचे आकडे जोडतो. "लिहा," ते म्हणाले. "तिथल्या पोरांसाठी लिहा. मला इथं पाचवी दिलीय. बारकी हायेत, कुशीत शिरत्यात." पीटीच्या सरांच्या हातात गेल्यावर यंदाच्या आठवी ब ची हजेरी पुन्हा पस्तिसावर आली आहे, हेही मी हजेरीबुकात बघितलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. आकडा लपवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

पत्र लिहिलं. 'पत्र मिळाले' एवढं उत्तर आलं. सुट्टीच्या दोन पाळ्या मात्र शाळेत अजून चालू आहेत. त्या कुणी सुरू केल्या ते नव्या लोकांना ठाऊक नाही. सर निवृत्त झाल्यावर देवगाव रंगारीला भावांकडे गेले असं ऐकलं. मी गेलो नाही. जाऊ, जाऊ म्हणताना वर्षं जातात, तशी गेली. आमच्या भागात आता पाइपलाइन आली आहे, मागं सात मजली इमारती उठल्यात, आणि वरची खोली मी पुन्हा भाड्यानं दिलेली नाही. ही विचारते, तेव्हा कारणं सांगतो.

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. त्या एकोणीस दिवसांत मला तेवढ्याच चढायच्या होत्या. आता संध्याकाळी कधीकधी चढून जातो. वर काही काम नसतं. दाराशी थोडा वेळ उभा राहतो आणि उतरून येतो. ही विचारते, "वर कशाला गेला होतात?" मी सांगतो, "टाकी भरली का ते बघून आलो."